शिफारसपत्रातील शब्द आणि साक्ष : अमेरिकेतील निवासी वैद्यकीय प्रशिक्षणाच्या इतिहासातील एक प्रकरण

(१)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वैद्यकीय पदवी मिळाली म्हणजे डॉक्टर स्वतंत्रपणे व्यवसाय करावयास सिद्ध झाला, असे मानले जात नाही. पदवीनंतर त्याला मान्यताप्राप्त रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून प्रशिक्षण घ्यावे लागते. हा काळ सामान्य वैद्यकाच्या शाखेत तीन वर्षांचा, तर मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या शाखेत सात वर्षांचा असतो. या प्रशिक्षणाच्या जागेसाठी करावयाच्या अर्जात परीक्षांचे निकाल, महाविद्यालयाचा अहवाल व उमेदवाराचे स्वतःचे निवेदन यांच्या जोडीला शिफारसपत्रे असतात. बहुतेक शाखांत एका संस्थेकडे अधिकांत अधिक चार पत्रे पाठविता येतात. या तीन-चार कागदांवर पुष्कळदा उमेदवाराच्या साऱ्या आयुष्याची दिशा अवलंबून राहते.

प्रस्तुत लेखाचा विषय हे पत्र होय. निवडपद्धतीचा विचार वैद्यकशिक्षणाच्या व अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी विस्ताराने केला आहे. येथे तो भाषेच्या अंगाने व इतिहासक्रमाने करावयाचा आहे. शिफारसपत्राचे वजन त्यातील विशेषणांत मूलतः नव्हतेच. ते लिहिणारा आणि वाचणारा यांच्या परस्पर परिचयात होते. हा परिचय नाहीसा होऊ लागला तसतसा सगळा भार विशेषणांवर पडला व तो त्यांना पेलला नाही. पुढे झालेली प्रत्येक सुधारणा म्हणजे त्या हरवलेल्या परिचयाच्या जागी काही तरी दुसरे आणून बसविण्याचा यत्न होय. प्रथम गुप्तता आली, मग ठरावीक नमुना आला आणि शेवटी आकडा आला.

आरंभी शब्दाकडे पाहू. ‘शिफारस’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या फारसी धातूचा अर्थ ‘सोपविणे, हवाली करणे’ असा आहे. इंग्रजीत याच अर्थी जो शब्द रूढ आहे तो ज्या लॅटिन क्रियापदापासून निघाला, त्याचाही अर्थ ‘सोपविणे’ असाच आहे. दोन दूरच्या भाषांनी या व्यवहारासाठी स्तुतीचा शब्द न निवडता विश्वासाने हवाली करण्याचा शब्द निवडावा, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रोमन वक्ता सिसेरो याच्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या संग्रहातील तेरावा भाग जवळजवळ सर्वस्वी शिफारसपत्रांचाच आहे. ‘माझा माणूस मी तुझ्या हाती देत आहे’ हा त्या पत्रांचा गाभा होय. असे पत्र लिहिणारा स्वतःची पत गहाण ठेवीत असतो. पत्राने नेलेला माणूस नालायक निघाला तर पुढच्या पत्राला किंमत राहत नाही, हे दोन्ही पक्षांस ठाऊक असते.

(२)

आज ज्याला आपण निवासी प्रशिक्षण म्हणतो त्याचा अमेरिकेतील पाया बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयात घातला गेला. हे रुग्णालय १८८९ साली उघडले. वैद्यकशाखेत विल्यम ऑस्लर व शस्त्रक्रियेत विल्यम हॉल्स्टेड यांनी पदवीधरांना रुग्णालयातच ठेवून, क्रमाक्रमाने जबाबदारी वाढवीत शिकविण्याची पद्धत रूढ केली. हे शिष्य रुग्णालयात राहत, म्हणून ते ‘निवासी’. हॉल्स्टेडची रचना एखाद्या निमुळत्या मनोऱ्यासारखी होती. तळाशी अनेक जण घेतले जात, वर चढता चढता बहुतेक गळत आणि शिखरावर एकच उरे. तो पुढे दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात शस्त्रक्रियेचा प्रमुख होई व तेथे हीच पद्धत नेई.

अशा व्यवस्थेत शिफारसपत्र हे फारसे स्वतंत्र साधन नव्हते. पत्र लिहिणारा आणि ते वाचणारा एकाच गुरूचे शिष्य असण्याचा संभव मोठा होता. अमुक प्राध्यापक सहसा कोणाची स्तुती करीत नाही, तमुक प्राध्यापकाला प्रत्येक विद्यार्थी असामान्य वाटतो, हे वाचणाऱ्यास आधीच माहीत असे. पत्रात ‘हा मुलगा बरा आहे’ एवढेच लिहिले असले तरी त्या ‘बरा’ शब्दाचे मोल लिहिणाऱ्याच्या स्वभावावरून ठरविता येत असे.

या परिचयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याचा गुरू त्या मंडळात नव्हता त्याच्यासाठी दार बंद होते. ज्यू, कृष्णवर्णीय व स्त्री उमेदवारांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक नामांकित रुग्णालयांत जागा मिळणे दुष्कर होते, आणि ही अडवणूक नियमांच्या पुस्तकापेक्षा खासगी पत्रव्यवहारातूनच अधिक होत असे. तेव्हा जुन्या पत्रांची विश्वसनीयता ही काही अंशी लहान वर्तुळाची विश्वसनीयता होती. ती गेल्याचे दुःख करताना तिची किंमत कोणी दिली हे विसरून चालणार नाही.

(३)

शिफारसपत्राच्या इतिहासातील पहिला मोठा प्रसंग १९४५ सालचा आहे. या प्रसंगी पत्रातील मजकुराला फारसे महत्त्व नव्हते. महत्त्व होते ते पत्र बाहेर पडण्याच्या तारखेला.

त्या काळी इंटर्नशिपच्या, म्हणजे पदवीनंतरच्या पहिल्या वर्षाच्या, जागा पदवीधरांच्या संख्येहून अधिक होत्या. चांगला विद्यार्थी दुसऱ्याने नेण्यापूर्वी आपण गाठावा म्हणून रुग्णालये एकमेकांच्या आधी जागा देऊ करू लागली. ही चढाओढ इतकी वाढली की १९४० नंतरच्या वर्षांत पदवीला दोन वर्षे अवकाश असतानाच विद्यार्थ्यांशी करार होऊ लागले. ज्या विद्यार्थ्याने रुग्णशय्येजवळ अजून पुरते कामही केलेले नाही त्याच्याविषयी प्राध्यापकाने काय लिहावे? यावर १९४५ साली वैद्यकीय महाविद्यालयांनी एक सोपा परंतु परिणामकारक उपाय योजला. ठरलेल्या तारखेपूर्वी कोणत्याही विद्यार्थ्याचे गुणपत्रक अथवा शिफारसपत्र बाहेर द्यावयाचे नाही, असा त्यांनी निर्बंध घातला. माहितीच मिळेना, तेव्हा घाई आपोआप थांबली.

परंतु एक दार लावताच दुसरे उघडले. तारीख एक ठरल्यामुळे सगळी धावपळ तारखेनंतरच्या थोड्या दिवसांत एकवटली. विद्यार्थी अधिक चांगल्या जागेची वाट पाहत उत्तर लांबवीत, आणि रुग्णालये ताबडतोब उत्तराचा आग्रह धरीत. विचार करावयास दिलेली मुदत वर्षागणिक आखडत गेली. १९४९ साली बारा तासांची मुदत सुचविली गेली, तीही रुग्णालयांच्या संघटनेस फार वाटली. शेवटी दोन्ही पक्षांनी आपापल्या पसंतीची क्रमवारी एका मध्यवर्ती मंडळाकडे द्यावी व त्या मंडळाने जोड्या जुळवाव्यात, अशी व्यवस्था झाली. प्रथम सुचविलेल्या जुळणीच्या रीतीत प्रामाणिकपणे क्रम देणाऱ्या विद्यार्थ्याचे नुकसान होऊ शकते, असा आक्षेप विद्यार्थ्यांनीच घेतला. तो मान्य होऊन रीत बदलली आणि १९५२ साली पहिली जुळणी पार पडली. याच व्यवस्थेला ‘मॅच’ म्हणतात. तिच्या गणिती स्वरूपाचे विवेचन पुढे ॲल्विन रॉथ यांनी केले. त्यांना व लॉइड शॅप्ली यांना २०१२ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मॅचचा परिणाम वेगळाच झाला. पूर्वी प्राध्यापक एखाद्या मित्राला पत्र लिही आणि तो मित्र जागा देई. आता जागा कोणी एक व्यक्ती देत नव्हती. संस्थेने शेकडो उमेदवारांची क्रमवारी लावावयाची, म्हणजे एकाच टेबलावर शेकडो पत्रे शेजारीशेजारी ठेवून वाचावयाची, असा प्रकार सुरू झाला. पत्र संवादातून निघाले आणि तुलनेत पडले. पुढे १९९० नंतरच्या दशकात अर्ज इलेक्ट्रॉनिक मार्गाने जाऊ लागले, तेव्हा एकच पत्र पन्नास-साठ संस्थांकडे धाडणे सुलभ झाले. असे पत्र कोणा एकाला उद्देशून लिहिणे शक्यच नव्हते. २०२३ च्या मॅचमध्ये जागा ४० हजारांहून अधिक होत्या आणि क्रमवारी सादर करणारे उमेदवार त्याहूनही अधिक होते. १९४५ साली रुग्णालये विद्यार्थ्यांच्या मागे धावत होती. आता धावण्याची दिशा उलटली होती.

(४)

वाचणारा अनोळखी झाला की लिहिणाऱ्यापुढे एक पेच उभा राहतो. ‘चांगला’ हा शब्द मी मोजून वापरतो, हे त्या अनोळख्यास कसे कळावे? शेजारच्या पत्रात ‘उत्कृष्ट’ असे लिहिलेले असणार. मग आपल्या विद्यार्थ्याचे अहित होऊ नये म्हणून मीही ‘उत्कृष्ट’ लिहितो. दुसरा ‘असामान्य’ लिहितो. कोणीही खोटे बोलण्याच्या हेतूने लिहीत नाही, तरी सर्वांच्या लिहिण्याचा एकत्र परिणाम खोट्या नाण्यासारखा होतो.

शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांशी असलेल्या भेदावरून ठरतो, हे सोस्यूरपासून आपण शिकवीत आलो आहोत. अमेरिकन महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांनी, म्हणजे डीन मंडळींनी, लिहिलेल्या पत्रांत याचे उत्तम उदाहरण सापडते. या पत्रांच्या अखेरच्या वाक्यात विद्यार्थ्यासाठी एक ठरावीक विशेषण येई आणि त्या विशेषणांची एक उतरंड असे. या उतरंडीत साधे ‘चांगला’ हे विशेषण पुष्कळदा तळाच्या गटासाठी राखलेले असे. कोशात जो शब्द स्तुतीचा, तो येथे दोषाचा झाला. परंतु एका महाविद्यालयाची उतरंड दुसऱ्याशी जुळत नसे. त्यामुळे एकाचा ‘उत्तम’ दुसऱ्याच्या ‘चांगला’शी समान असू शके, आणि किल्ली जवळ नसलेला वाचक फसे.

जे लिहिले त्याइतकेच जे वगळले तेही येथे बोलते. भाषेच्या तत्त्वज्ञानातील एक प्रसिद्ध उदाहरण नेमके याच वाङ्मयप्रकारातले आहे. पॉल ग्राइस यांनी १९६७ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत, जी १९७५ पासून छापून आली, एका शिफारसपत्राची कल्पना मांडली. तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याविषयी त्याचा शिक्षक लिहितो की, त्याची भाषा चांगली आहे व तो वर्गात नियमित येतो. पत्र येथेच संपते. विद्यार्थ्याला तत्त्वज्ञान येत नाही असे त्यात कोठेही म्हटलेले नाही, तथापि वाचणाऱ्यास तेच कळते. निवासी डॉक्टरच्या पत्रात ‘वेळेवर येतो, पोषाख नीटनेटका असतो’ एवढेच लिहिलेले आढळले, तर रुग्णाविषयीच्या त्याच्या जाणतेपणाबद्दल वाचणारा याच रीतीने अनुमान काढील.

(५)

शब्दांवरचा विश्वास ढळल्यावर तो सावरण्याचे जे यत्न झाले त्यांतील पहिला गुप्ततेचा. १९७४ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींविषयी कायदा झाला व आपल्याविषयीच्या नोंदी पाहण्याचा हक्क विद्यार्थ्यास मिळाला. शिफारसपत्रांबाबत मात्र हा हक्क लेखी सोडून देण्याची मुभा ठेवण्यात आली. उमेदवार पत्र वाचणार नाही अशी खात्री असली म्हणजे लिहिणारा मोकळेपणाने लिहील, ही त्यामागील कल्पना. परिणामी हक्क सोडणे हीच रीत झाली. जो हक्क सोडीत नाही त्याच्या पत्राकडे वाचणारा साशंकतेने पाहतो. कायद्याने दिलेला हक्क वापरणे हेच येथे संशयाचे कारण होऊन बसले.

आपल्याकडे चंद्रहासाचे आख्यान सर्वांस परिचित आहे. तो मदनाकडे जे पत्र घेऊन निघाला त्यात त्यालाच विष देण्याची आज्ञा होती. विषयेने एक अक्षर वाढविले म्हणून तो वाचला. स्वतःविषयीचे न वाचलेले पत्र स्वतःच पोहोचविणारा उमेदवार त्याच स्थितीत असतो. फरक एवढाच की, त्याच्यासाठी अक्षर सुधारणारी विषया वाटेत भेटत नाही.

दुसरा यत्न नमुन्याचा. २००२ साली अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघाने ‘डीनचे पत्र’ या नावाऐवजी विद्यार्थ्याच्या कामगिरीचे मूल्यमापन अशा अर्थाचे नाव सुचविले आणि हा कागद शिफारसपत्र नव्हे असे स्पष्ट केले. विशेषणांच्या जागी वर्गातील सर्वांच्या श्रेणींचे तुलनात्मक चित्र यावे असा आग्रह धरण्यात आला.

तिसरा यत्न आकड्याचा. तातडीच्या उपचारांच्या शाखेने १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात शिफारसपत्रासाठी ठरावीक छापील नमुना आणला. त्यात उमेदवार किती दिवस हाताखाली होता, आणि त्याच्यासारख्या इतरांच्या तुलनेत तो वरच्या १० टक्क्यांत, वरच्या तृतीयांशात, मधल्यात की खालच्यात बसतो, हे नोंदवावयाचे असते. हा उपाय निश्चितच उपयोगी ठरला व इतर शाखांनीही त्याचे अनुकरण केले. परंतु पाहणी केली तेव्हा वरच्या १० टक्क्यांत बसविलेल्या उमेदवारांचे प्रमाण १० टक्क्यांहून पुष्कळच अधिक निघाले. विशेषणांना लागलेला रोग आकड्यांनाही लागला, कारण तो मुळात शब्दांचा नव्हताच.

याच सुमारास भाषाभ्यासकांनी या प्रश्नात लक्ष घातले. फ्रान्सिस ट्रिक्स व कॅरोलिन सेंका यांचा २००३ सालचा निबंध या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यांनी अमेरिकेतील एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून अधिक पत्रे तपासली. स्त्रियांविषयीची पत्रे सरासरीने आखूड होती. त्यांत शंका उत्पन्न करणारी वाक्ये व कष्टाळूपणाची विशेषणे अधिक आढळली. पुरुषांच्या बाबतीत ‘त्याचे संशोधन’ अशा, तर स्त्रियांच्या बाबतीत ‘तिचे अध्यापन’, ‘तिचे शिक्षण’ अशा षष्ठ्यन्त रचनांकडे कल होता. ही पत्रे निवासी जागांसाठी नव्हती, तरी लिहिणारे त्याच व्यवसायातील प्राध्यापक होते. ‘ती फार कष्टाळू आहे’ असे लिहिणाऱ्याने स्तुतीच केलेली असते. परंतु शेजारच्या पत्रात ‘तो बुद्धिमान आहे’ असे असले, की त्या स्तुतीचा अर्थ बदलतो. या अन्यायाला कोणाच्या दुष्ट हेतूची गरज लागत नाही.

(६)

हाच नियम दूरच्या देशांतून येणाऱ्या उमेदवारांस अधिक कठोरपणे लागू होतो, आणि येथे या विषयाचा आपल्याशी प्रत्यक्ष संबंध येतो. परदेशी वैद्यकीय पदवीधरांची पात्रता तपासणारे मंडळ अमेरिकेत १९५६ साली स्थापन झाले. १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर भारतीय डॉक्टरांचा तिकडे जाण्याचा ओघ वाढला, आणि त्यांत मुंबई, पुणे, नागपूर येथील महाविद्यालयांचे पदवीधरही होते. आपल्या देशात पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश स्पर्धापरीक्षेतील गुणानुक्रमाने होतो. त्यात शिफारसपत्राला स्थान नाही. या पद्धतीचे गुणदोष काहीही असोत, तिचा एक परिणाम उघड आहे. आपल्या प्राध्यापकांना असे पत्र लिहिण्याचा सराव नसतो.

मग पत्र लिहावे लागले की लेखणी दाखल्याच्या भाषेकडे वळते. ‘सदर विद्यार्थी सुशील, आज्ञाधारक व होतकरू असून त्याची वर्तणूक समाधानकारक आहे’ ही आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या दाखल्यांची मळलेली वाट. मराठी वाचकाला यात काही वावगे वाटत नाही. परंतु अमेरिकन वाचकाच्या उतरंडीत ‘समाधानकारक’ तळाशी आहे, आणि ‘आज्ञाधारक’ हा गुण रात्री दोन वाजता स्वतः निर्णय घ्यावा लागणाऱ्या डॉक्टरच्या बाबतीत गुण ठरेलच असे नाही. ग्राइस यांच्या उदाहरणातील विद्यार्थ्यासारखी त्या उमेदवाराची गत होते, आणि तीही लिहिणाऱ्याच्या मनात तसे काही नसताना.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ‘मसुदा तूच लिहून आण, मी सही करतो’ हे वाक्य अनेक विद्यार्थ्यांनी ऐकलेले असते. असे काही मसुदे भाषा तपासण्यासाठी प्रस्तुत लेखकाकडेही आले. त्यांतील भाषा निर्दोष करणे सोपे होते. पण निर्दोष झाल्यावर ते सर्व एकमेकांसारखे दिसू लागले. उमेदवाराला स्वतःविषयी विशेषणे सुचतात. शिक्षकाने त्याला कोणत्या क्षणी पारखले, हे मात्र त्याला माहीत नसते. जी साक्ष साक्षीदाराने दिलीच नाही तिच्यावर केवळ त्याची सही घेणे हा भाषेचा दोष नसून व्यवहाराचा दोष आहे. शिवाय हक्क सोडल्याचे लिहून दिल्यावर स्वतःच पत्र रचणे ही त्या वचनाशी प्रतारणा होय.

(७)

जानेवारी २०२२ पासून अमेरिकेच्या वैद्यक-परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा निकाल गुणांऐवजी केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशा रूपात दिला जाऊ लागला. एक मोठा आकडा निवडीतून गेला आणि उरलेल्या कागदांवरील भार वाढला. त्यात शिफारसपत्रही आले. म्हणजे ज्या साधनाच्या दुबळेपणाविषयी पाऊणशे वर्षे चर्चा झाली, त्याचीच पुन्हा गरज भासू लागली.

या इतिहासावरून अर्जदाराने व लिहिणाऱ्याने काय ध्यानात घ्यावे, हे थोडक्यात नोंदविणे अस्थानी होणार नाही. अर्जदाराने मोठ्या नावामागे न जाता ज्याने आपले काम रोज पाहिले त्या शिक्षकाकडे जावे. आपल्याविषयी अनुकूल व सविस्तर लिहिणे त्यास शक्य आहे का, हे आधी विचारावे, आणि त्याने आढेवेढे घेतले तर आभार मानून दुसरीकडे वळावे. कित्येक आठवडे आधी विनंती करावी. शिक्षकाच्या स्मरणास साहाय्य होईल अशी कामाची नोंद त्याच्या हाती द्यावी, पत्राचा मसुदा देऊ नये. लिहिणाऱ्याने आपण उमेदवारास कोठे, किती काळ व कोणत्या नात्याने पाहिले हे प्रथम सांगावे. आजवर हाताखालून गेलेल्या किती विद्यार्थ्यांशी त्याची तुलना करीत आहोत हे सांगावे. मग एक प्रसंग लिहावा: कोणता रुग्ण होता, काय अडले, उमेदवाराने काय केले. ‘कष्टाळू’ हे विशेषण कोणासही लावता येते. रात्री स्वतःहून पुन्हा वॉर्डात जाऊन त्याने रक्तस्राव वेळीच ओळखला, हे वाक्य मात्र पाहिल्यावाचून लिहिता येत नाही, आणि मुंबईत लिहिलेले ते वाक्य बाल्टिमोरमध्ये वाचले तरी त्याचा अर्थ बदलत नाही.

ऑस्लरच्या काळी लिहिणारा व वाचणारा एकमेकांस ओळखत होते. तो परिचय आता परत येणार नाही, आणि त्याने ज्यांना बाहेर ठेवले त्यांचा विचार करता तो जसाच्या तसा यावा असेही म्हणवत नाही. परंतु शिक्षक व विद्यार्थी यांचा परिचय अजून शक्य आहे, आणि पत्रात उतरू शकते ते एवढेच. ज्या विद्यापीठात शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्याविषयी एकही प्रसंग आठवत नाही, तेथे पत्राचा कोणताही नमुना उपयोगी पडणार नाही. ही अडचण वैद्यकाच्या शाखेपुरती नाही. आपल्या विभागांतूनही दरवर्षी विद्यार्थी परदेशी विद्यापीठांकडे अर्ज करतात व पत्रासाठी आपल्या दारी येतात. त्यांना मसुदा आणावयास सांगण्यापूर्वी, आपण त्यांना कितपत ओळखतो याचा प्रत्येक अध्यापकाने विचार करावा, हे उचित होईल.